काडवांचा खोका

चहाचा ट्रे टेबलावर ठेवण्याआधी ते खिडकीतल्या कुंडीत बोट खुपसायचे. चांगलं दुसऱ्या पेरापर्यंत. मग ते बोट नाकाशी नेऊन वास घ्यायचे, पँटला पुसायचे आणि म्हणायचे, "जिती आसा." त्यानंतर आम्हाला चहा मिळायचा. ज्या हाताने माती उकरली त्याच हाताने दिलेला कप आपण ओठाला लावतोय, हे नव्या माणसाच्या पहिल्याच दिवशी लक्षात यायचं. आठवड्याने तोही विसरायचा.

तुमच्या ऑफिसातही असा एखादा शिपाई असेल. ज्याच्याशिवाय काही अडत नाही असं सगळ्यांना वाटतं, आणि तो रजेवर गेला की स्टेपलरसुद्धा सापडत नाही. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. साहेबही मामाच म्हणायचे, फक्त जरा वरून.

साहेबांच्या केबिनबाहेर एक उंच प्लॅस्टिकचं झाड होतं. मामा त्याच्याही कुंडीत बोट घालून बघायचे. आत पांढरे गोटे. "ह्या कधीच मेला," असं रोज म्हणायचे आणि रोज पुन्हा बघायचे. मी एकदा हसून विचारलं, "मामा, प्लॅस्टिक आहे ते, माहितीये ना तुम्हाला?" म्हणाले, "म्हायत आसा मॅडम. पण इचारल्याशिवाय पुढे कसा जावचा?"

आमचं ऑफिस परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. गिरणी म्हणजे मामांच्या वडिलांची. मालकीची नव्हे, नोकरीची. बाप जिथे साचे, म्हणजे माग, चालवायचा तिथे मुलगा चहा द्यायचा, यात मामांना काही फार वाटायचं नाही. "बापूस खाली होतो, मी सातव्या माळ्यावर आसंय," एवढंच म्हणायचे.

कंपनी शेतीची औषधं करायची. कीड मारायची, तण मारायचं, उंदीर मारायचे. कारखाना कुठेतरी लांब होता, आमच्याकडे फक्त कागद. मी त्या कागदांतली. औषधाच्या पुड्याबरोबर जी घडी घातलेली माहितीपत्रकं जातात त्यांचं मराठी मी करायचे, प्रुफं मी तपासायचे आणि शेवटी 'तपासले' असा निळा शिक्का मारायचे. लहान मुलांपासून दूर ठेवा. अन्नपदार्थ झाकून ठेवा. हात साबणाने धुवा. ही तीन वाक्यं मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिली आहेत की झोपेत उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

एका दाणेदार औषधाच्या पत्रकात वरून आलेल्या इंग्रजी मजकुराचं मी केलेलं वाक्य असं होतं: 'दाण्यांचा अंश जमिनीत उरत नाही; जमीन पहिल्यासारखीच सकस राहते.' अर्धविरामासकट. मला ते वाक्य फार आवडलं होतं. वाक्याला तोल होता. खरं की खोटं, हे बघणं माझं काम नव्हतं, आणि जे आपलं काम नाही ते न करण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

मामांचं गाव मालवणच्या आतल्या बाजूला. भाताचे चार-पाच तुकडे. तिकडे भाताच्या तुकड्याला कुणगा म्हणतात. घरालगतचा मोठा कुणगा धाकटा भाऊ कसायचा. मामा दरवर्षी गणपतीला जायचे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी निघाला की त्याच्या पिशवीत काय असतं, हे लालबाग-परळात कुणाला सांगायला नको. भावजयीला साडी, मुलांना कपडे, माहीमचा हलवा, आरतीसाठी नवी झांज. मुंबईत जे जे चांगलं ते गावाला न्यायचं. माणूस इथे दहा बाय बाराच्या खोलीत चौघांत झोपत असेल, पण गावात पिशवी उघडताना तो राजा असतो.

मामांच्या पिशवीत यासोबत आमची औषधं असायची. प्रदर्शनांतून उरलेले नमुन्याचे पुडे स्टोअरमध्ये पडून असत. मामांनी रीतसर विचारलं, स्टोअरवाल्याने रीतसर दिले. आणि ते पुडे मामांनी नेले कसे, तर हलव्यापासून लांब, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून, कारण पत्रकात तसं लिहिलं होतं. माझी तीनही वाक्यं त्यांनी तंतोतंत पाळली.

"दादा मुंबयच्या हापिसातून हाडता, म्हणजे चांगलाच आसतला," असं भाऊ म्हणाला. पहिल्या वर्षी पीक असं आलं की बघत राहावं. खोडकिडा गेला. बांध पोखरणारे खेकडे गेले. वाडीतले लोक मामांना पडवीत घेरून बसले. पुढच्या वर्षी मामांनी मोठी पिशवी घेतली. "मान वाढलो माझो मॅडम," ते मला म्हणाले होते, आणि मलाही बरं वाटलं होतं. माझं पत्रक भावाने पडवीत खिळ्याला टोचून ठेवलंय, हेही तेव्हाच सांगितलं. लेखकाला आणखी काय लागतं?

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग एका गणपतीहून मामा आले ते गप्प. कुंडीत बोट घातलं, वास घेतला, पण 'जिती आसा' म्हणाले नाहीत. चहा फिका होता. दोन दिवसांनी दुपारी माझ्या टेबलाशी आले आणि खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून समोर ठेवला. माझंच पत्रक. चुलीच्या धुराने पिवळं झालेलं, वर मधोमध खिळ्याचं भोक, एका कोपऱ्याला हळदीचं बोट.

"ह्या तुम्ही लिवलात?"

"हो."

"चांगला लिवलात. आता ह्या एक वाक्य खोडा." आणि बोट त्याच वाक्यावर ठेवलं. अर्धविरामाच्या वाक्यावर.

मग त्यांनी जे सांगितलं ते उभ्याने सांगितलं; बसा म्हटलं तरी बसले नाहीत. लहानपणी गणपतीच्या दिवसांत बांधावरून अनवाणी चालताना पायांना सारख्या बारीक गोळ्या लागायच्या. ओल्या मातीच्या, थंड. गांडुळं माती खाऊन वर टाकतात, त्या ढिगल्या. ते गांडुळाला काडू म्हणायचे. या वर्षी ते पूर्ण बांध चालले आणि पायाला काही लागलं नाही. सपाट, गुळगुळीत. कुणग्यात फावडं घातलं तर माती खापरीसारखी निघाली, पाणी वरच साचून राहिलेलं. आणखी खणलं. एक काडू नाही. मासे धरायच्या गरीला लावायला लोक त्यांच्याच कुणग्यात काडू खणायला यायचे, ते आता नदीपलीकडे जातात, हे भावजयीने सहज बोलताना सांगितलं. तिला त्यात विशेष वाटलं नव्हतं.

"मग मी भावाक सांगलंय, बाबा, दाणे बंद कर. तो पडवीत गेलो आणि ह्यो कागद दाखवल्यान. म्हणता, दादा, हयसर लिवलला आसा, जमनीक काय एक होणा नाय. तुझ्याच कंपनीचो कागद. तूच हाडलंस."

मी म्हटलं, "मामा, ते वाक्य माझं नाही. वरून इंग्रजीत येतं. मी फक्त मराठी करते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. म्हणाले, "माझो भाव इंग्रजी वाचना नाय, मॅडम. तेना तुमचा वाचल्यान."

त्या दिवसापासून ते वाक्य मला आवडेनासं झालं. पण आवडेनासं होणं वेगळं आणि खोडणं वेगळं.

मी साहेबांकडे गेले, हे माझ्या नावावर जमा करा. साहेब म्हणाले, मजकूर मंजूर झालेला आहे, आपल्या विभागाचा विषय नाही, आणि शिपाई लोकांचं तुम्ही किती मनावर घेता. मी बाहेर आले आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. विचारून झालं होतं. मामांना म्हटलं, "बघते, सांगितलंय वर." सरकारी असो की खासगी, 'सांगितलंय वर' या शब्दांखाली किती माणसं पुरली गेली असतील देव जाणे.

मामा माझ्यासाठी थांबले नाहीत. त्यांनी गांडुळं पाळायला घेतली.

पहिल्यांदा दादरच्या एका रोपवाल्याकडून खताची लाल गांडुळं आणली आणि पुढच्या गणपतीला नेऊन कुणग्यात सोडली. ती दोन दिवसांत गेली. ती शेणा-पाल्यात राहणारी जात, भाताच्या चिखलात टिकायची नाही. "शहरातली होती, गावात रमली नाय," असं आम्हाला सांगून स्वतःच हसले. तेव्हा त्यांनी ठरवलं की गावचेच काडू हवेत. पण वाडीत जिथे बघावं तिथे दाणे पडलेले. एकच जागा उरली होती, ती म्हणजे देवाची राई.

राईतलं काही न्यायचं नसतं. वाळलेली काटकीसुद्धा नाही. मामांनी त्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं. मला ते त्यांनी पँट्रीत, ओट्यासमोर उभं राहून, डोळे मिटून म्हणून दाखवलं: "बा देवा म्हाराजा, घमेलंभर माती नेतंय ती इकूक नाय, मिरवूक नाय. माझ्या हातान जा गेला ता माझ्याच हातान परत हाडूक नेतंय. चुकलला-माकलला पदरात घे, रे म्हाराजा!" आणि शेवटचं "होय म्हाराजा" कुणी म्हणायला नव्हतं म्हणून ते स्वतःच म्हणाले.

ती माती, तिच्यातल्या मोजक्या काडवांसकट, लालबागच्या चाळीत आली. भाऊच्या धक्क्यावरून मासळीचा थर्माकोलचा एक मोठा खोका त्यांनी आणला, महिनाभर उन्हात वाळवला, बुडाला भोकं पाडली आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, आपल्या दाराशी, फळीखाली ठेवला. मासळीचा वास काही जाईना. चाळीतली सगळी मांजरं दोन महिने त्या खोक्याभोवती मोठ्या आशेने बसून होती.

गावातच का नाही ठेवला, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "गावाक भाव फवारणीचो पंप खंय धुयत तेचा नेम नाय. हयसर माझ्या नजरेखाली रवतत." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन बदलापूरला. नजर ठेवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

खोक्याला खायला हवं म्हणून ऑफिसातला चहाचा चोथा जाऊ लागला. दोनदा धुऊन, साखर काढून, पिळून, डब्यात भरून. चोथा जास्त हवा म्हणून चहा जास्त. त्या वर्षी आमच्या मजल्यावर माणसं दिवसातून सहा-सहा वेळा चहा पीत होती. नको म्हणायची सोय नव्हती, "घेवा हो, अर्धो कप" म्हणत मामा उभेच. माझं पित्त तेव्हापासून बिघडलं ते आजतागायत.

दोन वर्षांत त्या मोजक्या काडवांची चांगली वीण झाली. मामा रिटायर झाले त्या दिवशी आम्ही पाच-सहा जणी त्यांना घरी सोडायला गेलो, तर लोक नातवंडं दाखवतात तसं त्यांनी फळी उचलून दाखवलं. काळी भुसभुशीत माती. त्यांनी मूठ भरून हळूच उघडली. तपकिरी, लांब, चकचकीत अंगाचा एक काडू बोटांवरून सावकाश उतरला आणि मातीत शिरला. आमच्यातली एक किंचाळली. मला वास आला. कुंडीतल्या बोटाचा ते वास घ्यायचे म्हणजे कशाचा घ्यायचे, ते मला त्या दिवशी कळलं.

रिटायर झाल्यावर पास गेला. खालचा सुरक्षा रक्षक वर सोडेना. तेव्हा रोज दुपारी चारला मी चोथ्याचा डबा घेऊन गेटवर जायचे आणि मामा रस्त्यापलीकडून यायचे. डबा द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा. बाहेरच्या झाडाच्या आळ्यात बोट घालून ते वास घ्यायचे आणि मला निकाल सांगायचे. तिथे बहुतेक 'मेली' असायची.

अशाच एका दुपारी ते म्हणाले, "मॅडम, औंदा काडू नेयन, पण भाव दाणे घालीत रवलो तर मारूकच नेतंय मी तेंका." पुढे काही मागितलं नाही. मी वर आले. ड्रॉवरमध्ये ते धुराने पिवळं झालेलं पत्रक अजून होतं. लाल पेन घेतलं आणि त्या वाक्यावर, प्रुफात मारतात तशी, आडवी रेघ मारली. समासात लिहिलं: 'हे वाक्य चुकीचे आहे. या दाण्यांनी काडू मरतात आणि काडू मेले की माती मरते. हे वाक्य मीच लिहिले होते.' खाली पूर्ण नाव घालून सही केली. नोकरी मला हवी होती, तरीही.

दुसऱ्या दिवशी गेटवर मामांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "शिक्को?"

"शिक्का कशाला मामा? सही आहे ना."

"शिक्क्याशिवाय गावात कोण मानना नाय."

माझ्याकडे शिक्का एकच, तो 'तपासले'चा. पुन्हा वर जाऊन तो मारून आणला. मामांनी तो वाळेपर्यंत हातात धरला आणि मग घडी घातली.

गणपतीहून ते खोका परत घेऊन आले. जाताना होता तेवढाच भरलेला. दाणे नुकतेच पडले होते, म्हणून सोडले नाहीत. कागद मात्र त्याच खिळ्याला लावून आले होते. "भाव काय बोललो नाय. पण कागद काढूनय टाकल्यान नाय," म्हणाले. एवढ्यावर त्यांनी एक वर्ष काढलं.

पुढच्या श्रावणात त्यांना परळच्या सरकारी इस्पितळात ठेवलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. मुलगी रोज बदलापूरहून यायची. मी दर संध्याकाळी जायचे, कारण माझं घर दादरला आणि वाट तीच. मामांनी मला एकच काम सांगितलं, "दोन दिवसांआड पाणी शिंपडा. हातान. तांब्यान ओतू नको." घाईत मला 'नको' म्हणाले, एरवी अहो-जाहो सोडत नसत. "गणपतीक नेऊचे आसत. भाव बोललो फोनवर, औंदा दाणे घालूक नाय म्हणान."

ते सांगताना त्यांना दम लागला, तरी दोनदा सांगितलं. भावाने दाणे घातले नव्हते. आता फक्त काडू पोचायचे होते.

मी पाणी शिंपडायचे. हाताने. चोथाही घालायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "मामांची पिल्लं सांभाळतेस गो," आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकते.

त्या आठवड्यात चाळीच्या फलकावर एक सूचना लागली होती. गणपतीआधी चाळीत शनिवारी झुरळं-डासांची फवारणी. लहान मुलांना दूर ठेवा, अन्नपदार्थ झाकून ठेवा, नंतर हात साबणाने धुवा. मी ती वाचली. जिन्यात उभी राहून पूर्ण वाचली. वाचून मला किंचित हसूसुद्धा आलं, माझीच वाक्यं इथेही पोचली म्हणून. आणि मी वर जाऊन पाणी शिंपडलं, फळी ठेवली आणि घरी आले. खोका उचलून चार दिवस घरी न्यावा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ज्या वाक्याने ते आलं असतं ते सूचनेत नव्हतं. ते मी कधीच कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, तर तिथे कुठून येणार?

सोमवारी गेले तेव्हा गॅलरीत अजून तो रॉकेलसारखा वास होता. फळीखालून काही काडू बाहेर आले होते आणि लादीवर वाळून पडले होते. फळी उचलली. आतले सगळे वर आलेले. खोक्याच्या कडांना चिकटलेले, एकमेकांत गुंतलेले. मी बोटाने एकेक हलवून बघितला. मग खाली हात घालून कोपरापर्यंत माती उपसली. काही नाही.

काकू दारात येऊन म्हणाल्या, "अगो बाई, ह्यांच्यावर पण पडलं का? तो पोऱ्या पाइप घेऊन सगळीकडेच मारत गेला." त्यांची चूक नव्हती. त्यांनी आपले डबे झाकले होते.

मामांच्याच केरसुणीने मी लादी झाडली. वर्तमानपत्रात सगळे गोळा केले आणि तो पुडा हातात धरून बराच वेळ उभी राहिले, कारण टाकायचा कुठे ते सुचेना. शेवटी खोक्यातच एका कोपऱ्यात पुरला, वर माती सारखी केली आणि फळी ठेवली.

इस्पितळात मामांच्या नाकाला नळी होती. मला बघून त्यांनी उजव्या हाताचं बोट उचललं आणि गादीत दाबलं. कुंडीत दाबायचे तसं. विचारणं कळलं मला. शब्दही जेमतेम ऐकू आले, "जिती आसा?"

वाटेत मी ठरवलं होतं की सांगायचं. सगळं पाठ केलं होतं.

"हो मामा," मी म्हटलं. "जिती आसा."

त्यांच्या भाषेत मी बोललेलं ते पहिलं आणि शेवटचं वाक्य. त्यालाही तोल होता. मामांनी मान हलवली आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले.

सुतक पडलं, त्यामुळे त्या वर्षी त्यांच्या घरी गणपती आला नाही. भाऊ मुंबईला आला, दिवस झाले, तेरावा झाला, आणि चौदाव्या दिवशी मला त्याचा फोन आला. "मी मामांचो धाकटो भाव. दादान सांगितलल्यान, काडवांचा तुमका इचारूक."

मी गेले तेव्हा तो गॅलरीत खोक्याशेजारी बसला होता. मामांसारखाच बांधा, फक्त उन्हाने जास्त रापलेला. सोबत ओलं गोणपाट आणि नवा, झाकणाचा डबा आणला होता. डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. हवा लागायला. मला बघून उठून उभा राहिला.

"तुमचो कागद वाचलंय मी," तो म्हणाला. "आधी राग इलो दादाचो. मगे शिक्को बघलंय. औंदा दाणे घालूक नाय. बांधावरय मारूक नाय काय. सगळा तण हातान बेणलंव, बायलमाणसांनी कंबर मोडून घेतल्यानी. भात कमी येतला. पण दादान सांगितलल्यान, काडू इले की दोन-तीन वर्सांनी माती सुधारतली."

तो पुन्हा खाली बसला, फळी बाजूला केली, आणि थेट मामांसारखं, दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत खुपसलं. एव्हाना फवारणीचा वास उडून गेला होता. माती काळी होती, मी पाणी घालत राहिले होते, ती छान दिसत होती. खाली खोल गेले असतील, असं त्याला वाटू शकलं असतं. मीही तसं म्हणू शकले असते. तो माती भरून घेऊन गेला असता, कुणग्यात पसरली असती, आणि काडू का झाले नाहीत याचं उत्तर त्याला कधीच मिळालं नसतं.

त्याने बोट नाकाशी नेलं.

"ही माती शेतात घालू नका," मी म्हटलं. "हिच्यावर फवारा पडलाय. काडू मेले. मी खोका हलवायला हवा होता, मी हलवला नाही."

बोट तसंच नाकाशी राहिलं. खालून बेस्टची बस गेली.

"दादाक म्हायत होता?"

"नाही. मी त्यांना जिवंत आहेत म्हणून सांगितलं."

तो बरं केलंत म्हणेल, असं मला वाटलं. अशा वेळी माणसं म्हणतात तसं. तो म्हणाला नाही. बोट गोणपाटाला पुसलं आणि नव्या डब्याचं झाकण लावून टाकलं. मग त्या खोक्याकडे बघत म्हणाला, "मगे ही माती टाकूची खंय?"

आम्ही दोघांनी गॅलरीतून खाली बघितलं. चाळीच्या चौकात पुढून मागून लादी. गेटपर्यंत पेव्हर ब्लॉक. एक घमेलं माती रिकामी करायला कुठे वीतभर जागा नव्हती.

मी म्हटलं, मी घेऊन जाते. त्याने खोका खाली आणून माझ्या टॅक्सीत ठेवला. दार लावताना खिडकीशी वाकला. मी विचारलं, "राईत अजून असतील ना? पुन्हा तिथून आणता येतील?"

"राईत आसत," तो म्हणाला. "पण गाऱ्हाणा घालूक आता दादा नाय. माका ता येना नाय." आणि रिकामा डबा काखेत मारून तो पुन्हा जिना चढून गेला.

माझी नोकरी अजून चालू आहे. ते पत्रक नव्याने छापलं तेव्हा ते वाक्य गेलं. माझ्यामुळे नव्हे, वर हिरव्या शेताचा मोठा फोटो घातला, म्हणून जागा उरली नाही. त्याच्या जागी जे यायला हवं होतं ते मी दोनदा लिहून वर पाठवलं, दोन्ही वेळा ते खोडून परत आलं. तिसऱ्यांदा पाठवलंय.

खोका माझ्या गॅलरीत आहे. सकाळी कामावर निघताना मी त्यात बोट खुपसते, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि वास घेते. पावसाळ्यात शेजारच्या कुंड्यांतून मुंग्या त्याच्या कडेपर्यंत येतात आणि वळून जातात. इस्पितळातला तो प्रश्न रोज तसाच समोर असतो, आणि रोज मी त्याचं तेव्हा न दिलेलं उत्तर देते.

"नाही मामा."

मग हात साबणाने धुते आणि कामावर जाते.